सणाचं जेवण, उशिरा येणारी माणसं आणि प्लाटा

प्लाटा म्हणजे विजेवर तापणारी एक सपाट थाळी. तिला कमी-जास्त करायचं बटण नसतं, ज्योत नसते, तारही उघडी दिसत नाही. प्लगला लावली की तापते, काढली की गार होते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, आग पेटवता येत नाही आणि विझवताही येत नाही. शिजलेलं जेवण गरम राहावं म्हणून इस्रायलमध्ये धर्मनियम पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात ही थाळी असते. आता ठाणे-मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतही ती नातेवाइकांच्या बॅगेतून येऊन पोचली आहे. शब्बाथच्या चार माणसांच्या जेवणाला ती पुरते, हे सगळ्यांना माहीत आहे. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या दोन दिवसांच्या सणाला, बारा-पंधरा माणसं जमतात. त्यातली दोघं एकमेकांशी बोलत नसतात आणि एकजण नक्की उशिरा येतो. अशा रात्री ती कितपत कामाला येते, ते इथे पाहू.

उत्तर आधीच सांगतो: घ्यावी, आणि मोठ्यातली मोठी घ्यावी. सणाच्या रात्रीची निम्मी भांडणं गार झालेल्या जेवणावरून सुरू होतात. मूळ राग जुना असतो, घराच्या वाटणीचा किंवा आजारपणात कोण आलं नाही त्याचा. तो बाहेर पडतो मात्र ‘तुमच्यामुळे सगळे ताटकळले’ या वाक्यातून. जेवण दोन तास थांबू शकलं तर हे वाक्य म्हणायला कारण उरत नाही. शिवाय पाळणारं घर सणाला फोन उचलत नाही. येणारा वाटेत अडकला तरी कळवू शकत नाही, आणि यजमानीणबाई ‘कुठे पोचलात?’ असं विचारू शकत नाहीत. त्या माणसासाठी ताट गरम ठेवणं एवढंच त्यांच्या हातात असतं.

आता मापं. बाजारात लहान, मध्यम, मोठी असे आकार मिळतात, पण नाव बघू नका, टेप लावून मोजा. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या थाळीवर २८ सेंटिमीटर व्यासाची दोन पातेली शेजारीशेजारी बसतात आणि पुढे साधारण १२ सेंटिमीटरची पट्टी उरते. ती पट्टी वाया जात नाही, तिथे डबे बसतात, आणि त्यातला एक डबा फार महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुढे येतो. चौदा माणसांसाठी तांदूळ माणशी १०० ग्रॅम धरला तर १.४ किलो होतो. शिजून तो तिपटीच्या आसपास जातो, म्हणजे ६ ते ७ लिटरचं पातेलं लागतं. हाडासकट मटण माणशी २२५ ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत-बाहेर, त्याला रश्श्यासह ८ लिटरचं पातेलं. दोन्ही भांडी जाड, सपाट बुडाची हवीत. गोल बुडाचं पातेलं किंवा कढई थाळीला फक्त मधोमध टेकते. तिथे जेवण लागतं आणि कडेला कोमट राहतं.

थाळी सगळीकडे सारखी तापत नाही. मध्यभाग जास्त गरम असतो, कोपरे कमी. विकत आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करा: दोन लिटर पाण्याचं झाकलेलं पातेलं मधोमध ठेवा, तासाभराने स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान पाहा, मग तसंच कोपऱ्यावर करा. शिजलेलं जेवण ६० अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं. त्याखाली जंतू वाढतात, आणि मटण-भात तासन्‌तास कोमट ठेवून नंतर पुन्हा गरम केल्याने पोट बिघडायचं टळत नाही. एखाद्या कोपऱ्यावर ६० अंश टिकत नसतील तर तिथे फक्त हल्ला, म्हणजे शब्बाथ-सणाचा पाव, ठेवा, मांस नको. हल्ला थेट थाळीवर ठेवला की खालून करपतो. पातेल्याच्या झाकणावर ठेवला की मऊ राहतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते नारळाच्या दुधाचं कालवण. आपल्याकडे मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात होतो. प्लाटावर दोन-तीन तास तापत राहिला की तो फुटतो, वर तेल आणि खाली चोथा. यावर उपाय दोन. घट्ट दूध एकदम शेवटी, आच मंद करून घालायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही. दुसरं, ते पातेलं थाळीवर थेट न ठेवता बेकिंगचा एक रिकामा ट्रे उलटा घालून त्यावर ठेवायचं. मधल्या हवेमुळे तापमान उतरतं. उतरून कुठे थांबतं, हे वरच्याच चाचणीने आधी बघून ठेवा. ट्रे सण लागण्याआधीच जागेवर असला पाहिजे.

भात दुसऱ्या प्रकारे बिघडतो, कडेने वाळतो. पाणी नेहमीपेक्षा अर्धी वाटी जास्त घाला, मोकळा करून पातेल्यात दाबून न भरता ठेवा, वर फॉइल आणि त्यावर घट्ट झाकण. ओलं फडकं झाकणाखाली घालायची सवय शब्बाथला सोडावी लागते, कारण फडकं पिळलं जाण्याचा प्रश्न येतो. तळलेली मासळी प्लाटासाठी नाहीच. पापलेट किंवा सुरमई रव्यात तळून ठेवली तर अर्ध्या तासात मऊ पडते. मासळी पहिल्यांदा वाढायची असेल तर ती गारच चांगली लागते, चिंच न घालता हिरव्या वाटणात शिजवलेली. या सणाला आंबट टाळायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, वर्ष गोड जावं म्हणून.

आणखी एक चूक हमखास होते, पातेल्याभोवती टॉवेल गुंडाळणं. जेवण उष्णता देणाऱ्या वस्तूवर ठेवून चहूबाजूंनी झाकण्याला हलाखात, म्हणजे ज्यू धर्मनियमांत, ‘हत्मना’ म्हणतात आणि शब्बाथसाठी ती मना आहे. वरून झाकलेलं चालतं, सगळीकडून लपेटलेलं नाही. धर्माचं बाजूला ठेवलं तरी कापडाचा कोपरा थाळीला टेकून रात्रभर राहणं धोक्याचंच.

२०२६ साली या नियमांना जास्त महत्त्व आहे. रोश हशाना शनिवारी, १२ सप्टेंबरला येतो, आणि ज्यू दिवस आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे पहिली रात्र शुक्रवारची. त्या रात्री शब्बाथचे नियम पूर्ण लागू. जे गरम हवं ते सूर्यास्ताआधी पूर्ण शिजून प्लाटावर असलं पाहिजे. गार झालेला रस्सा परत तापवायला ठेवता येत नाही. कोरडं, पूर्ण शिजलेलं जेवण ठेवायला बहुतेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, परवानगी देतात. मधल्या प्रकारांत, म्हणजे थोड्या रश्श्याच्या भाजीत, सेफार्दी आणि अश्केनाझी या ज्यूंच्या दोन परंपरांची मतं वेगळी पडतात, तेव्हा आपल्या रब्बींना सणाआधी विचारून ठेवा. पातेलं उचलून वाढायचं असेल तर परत ठेवायचं मनात धरूनच उचलायचं, वाढेपर्यंत हातातून खाली सोडायचं नाही. ८ लिटरचं भरलेलं पातेलं हातात धरून चौदा ताटं वाढणं एकट्या बाईचं काम नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने वाढायचं.

दुसरी रात्र, शनिवारची, नियम सैल होतात पण वेळ आखडतो. योम तोवला, म्हणजे शब्बाथ नसलेल्या सणाच्या दिवशी, जळत असलेल्या आगीवर स्वयंपाक करता येतो. नवी आग मात्र पेटवता येत नाही, म्हणून ४८ तास टिकणारी मेणबत्ती शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावून ठेवतात आणि शनिवारी रात्री तिच्यावरून गॅस पेटवतात. पण पहिल्या दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करता येत नाही. तारे दिसेपर्यंत फ्रिजमधलं पातेलं बाहेर काढायचं नाही. इथेच घरं फसतात. फ्रिजमधून निघालेलं भरलेलं पातेलं प्लाटावर आतपर्यंत तापायला तीन तास सहज घेतं, कारण दाट जेवणात उष्णता हळू सरकते. मुलं रडायला लागतात, म्हातारी माणसं बसल्या जागी पेंगतात, आणि पहिल्या रात्री गिळलेले शब्द दुसऱ्या रात्री तोंडाबाहेर येतात. त्यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्या रात्रीचं जेवण शुक्रवारीच पातेल्यात न भरता पसरट ट्रेमध्ये भरा, थर ३ ते ४ सेंटिमीटरच्या वर नको. असा ट्रे तासाभरात गरम होतो, आणि रस्सा गॅसवर त्याहून लवकर.

टायमरबद्दल थोडकं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा साधा चोवीस तासांचा टायमर दोन्ही दिवस तेच वेळापत्रक फिरवतो, तेवढं पुरतं. रात्री बारा ते सकाळी दहा बंद ठेवणार असाल तर बारा वाजता उरलेलं जेवण फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. बंद थाळीवर सकाळपर्यंत राहिलेलं मटण टाकून द्या, कितीही जीव जळला तरी. थाळी भिंतीपासून हातभर दूर, दगडी किंवा स्टीलच्या ओट्यावर ठेवा, प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर कधीच नाही. एक्स्टेन्शन वायर वापरू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. खरेदी करताना इस्रायली मानकाचा ‘ताव तेकेन’ शिक्का खाली पाहा. भारतात आणायची असेल तर वीज जुळते, दोन्हीकडे २३० व्होल्टच. प्लग मात्र जुळत नाही. इस्रायली तीन पिनांचा प्लग कापून इलेक्ट्रिशियनकडून इथला अर्थिंगचा प्लग बसवून घ्या. अर्थिंग न जोडता दोन पिनांवर भागवणं जिवावर बेतू शकतं, कारण थाळी धातूची असते आणि तिला सतत हात लागतो.

आता त्या डब्याकडे. पुढच्या १२ सेंटिमीटरच्या पट्टीवर स्टीलचा झाकणाचा चपटा डबा ठेवायचा आणि जेवायला बसण्याआधी, पातेल्याला पहिला डाव लागण्याआधी, उशिरा येणाऱ्याचं जेवण त्यात काढायचं. भात एका बाजूला, मटणाचे चांगले तुकडे दुसऱ्या बाजूला, रस्सा बेताचा. हे सगळ्यात शेवटी करणाऱ्या घरांत त्या माणसाला पातेल्याच्या बुडाचा लागलेला भात आणि दोन हाडं मिळतात. तो बोलत नाही, पण त्याला कळतं. ज्याच्याशी वर्षभर अबोला होता त्याच्यासाठी आधी काढलेलं ताट निघालं तर तेही त्याला कळतं. खरेदीचा सल्ला देताना अशी गोष्ट लिहायची पद्धत नाही, तरी मोठ्या आकाराचे जास्तीचे पैसे भरायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. मध्यम आकारात तो डबा बसत नाही.

जेवण थांबवावं लागतं त्याचं कारण फक्त उशिरा येणारे नव्हेत. किद्दुश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना, होतो, काळ्या मनुकांचं शरबत फिरतं, हात धुतले जातात, हल्ला मधात बुडवून वाटला जातो. मग शुभचिन्हांचे घास: सफरचंद आणि मध, खजूर, डाळिंब, लीक (कांद्याच्या जातीची पात), बीट, दुधी, चवळी, आणि माशाचं किंवा बकऱ्याचं डोकं. प्रत्येक घासाआधी एक छोटी प्रार्थना. चौदा माणसांत याला वीस मिनिटं तरी लागतात. हे सगळं गारच वाढायचं असतं, प्लाटावर त्याची गर्दी करू नका. बीट, दुधी, चवळी आदल्या दिवशी उकडून, माणशी एक-एक चमचा धरून छोट्या वाट्यांत काढून ठेवा. एकच मोठं ताट फिरवलं की ते टेबलाच्या एका टोकाला अडकतं आणि दुसऱ्या टोकाचे लोक प्रार्थनेत मागे पडतात.

या प्रार्थना हिब्रू शब्दांच्या नादावर बेतलेल्या आहेत. खजूर म्हणजे तामार, त्यावरून शत्रू संपून जावोत. लीक म्हणजे कार्ती, त्यावरून शत्रू कापले जावोत. बीट म्हणजे सिल्का, त्यावरून ते दूर होवोत. दुधी म्हणजे कारा, त्यावरून आमच्याविरुद्धचा निकाल फाडला जावो. जिथे समोरासमोर बसलेली दोन भावंडं वर्षभर बोललेली नाहीत, तिथे एकापाठोपाठ तीन वेळा ‘शत्रू’ हा शब्द जड पडतो. काही यजमान हा भाग भरभर उरकतात. तसं करू नये. वाचणाऱ्याने हिब्रूनंतर मराठी अर्थ स्वच्छ आवाजात सांगावा आणि दुधीची प्रार्थना सगळ्यात सावकाश म्हणावी. निकाल फाडला जावा ही मागणी टेबलावरचा प्रत्येक जण स्वतःसाठी करत असतो.

जेवणानंतर चीकाचा हलवा. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. दुधाचा थेंबही नसल्याने मटणानंतर चालतो, आणि गार खायचा असल्यामुळे प्लाटाशी त्याचा संबंध नाही. तरी त्याचा उल्लेख करतो, कारण तो गुरुवारी करावा लागतो आणि एकट्याने होत नाही. चीक नारळाच्या दुधात पडला की सतत ढवळावं लागतं, मिश्रण घट्ट होत जातं, हात भरून येतो आणि थांबलं की खाली धरतं. दोन माणसांनी आळीपाळीने उलथनं धरायचं. सणाआधी कोणाला घरी बोलवायचं असेल आणि निमित्त सापडत नसेल तर हलवा हे चांगलं निमित्त आहे. बोलावं लागत नाही, हात कामात असतात, नजर पातेल्यात असते.

प्लाटाने काय होत नाही, तेही सांगायला हवं. माफी त्याने मिळत नाही आणि सणाच्या टेबलावरही मिळत नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, योमा प्रकरणाच्या आठव्या अध्यायात, स्पष्ट म्हटलं आहे की देव आणि माणूस यांच्यातल्या चुका किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, धुतल्या जातात, पण माणसामाणसांतल्या चुका समोरच्याची समजूत काढल्याशिवाय किप्पुरलाही धुतल्या जात नाहीत. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले धर्मपंडित मायमोनिडीस, यांनी याची रीत दिली आहे. ज्याचं वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. तो मानला नाही तर तीन माणसांना बरोबर घेऊन पुन्हा जायचं, तरी नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही नाही म्हणाला तर ओझं त्याच्या डोक्यावर. ज्याचा अपराध झाला त्यालाही सांगितलं आहे की कठोर होऊ नये, मनापासून मागणाऱ्याला मनापासून द्यावी. पैसे घेतले असतील तर आधी ते परत करायचे, नुसत्या शब्दांनी भागत नाही.

या रीतीत जेवणाच्या टेबलाचा उल्लेख नाही, आणि ते बरोबर आहे. चौदा जणांसमोर ‘झालं गेलं विसरून जा’ असं वडीलधाऱ्यांनी म्हटलं की दुखावलेल्या माणसाला नाही म्हणायची जागा उरत नाही. तो मान हलवतो, राग तसाच घरी घेऊन जातो, आणि पुढच्या वर्षी येत नाही. सणाच्या रात्री फक्त एका छताखाली गरम जेवण व्हावं, एवढंच मागावं. बोलणं त्यानंतरच्या दिवसांत, दोघांतच व्हावं. २०२६ साली दोन दिवसांचा सण रविवारी रात्री संपतो आणि किप्पुर पुढच्या रविवारी, २० सप्टेंबरला सूर्यास्ताबरोबर लागतो. म्हणजे मध्ये जेमतेम एक आठवडा, त्यात शब्बाथ वेगळा. प्रवास असेल तर तो सोमवार ते गुरुवारातच बसवा.

किप्पुरच्या आदल्या संध्याकाळी प्लाटा पुन्हा लागते, पण थोडाच वेळ. दारफळणीआधीचं, म्हणजे किप्पुरच्या उपासाआधीचं, जेवण सूर्यास्तापूर्वी संपायला हवं आणि सगळे आंघोळ, पांढरे कपडे, सिनॅगॉगची घाई यांत वेगवेगळ्या वेळी जेवतात. त्या दिवशी मीठ-मसाला कमी, भात आणि साधं चिकन, भरपूर पाणी. दुपारी तीनपासून साडेपाचपर्यंत थाळी चालू ठेवली की कोणालाही गार खावं लागत नाही. उपासानंतर सोडायला म्हणून काही तिच्यावर ठेवून जाऊ नका. पंचवीस तास तापलेलं अन्न कोरडं आणि कडू होतं, आणि रिकाम्या पोटाला ते सोसत नाही. शरबत, खजूर, फ्रिजमधलं गार जेवण पुरे. प्लग सूर्यास्ताआधी काढा, थाळी कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसा आणि चपटा डबा घासून वर ठेवा. शिळ्या सणाला, म्हणजे किप्पुरच्या दुसऱ्या दिवशी, लोक घरोघर भेटायला निघतात, तेव्हा चीकाचा उरलेला हलवा न्यायला तोच बरा पडतो.